ओतलेला आकडा आणि ठोकलेला आकडा

मिस्त्रींना विचारा

दसरा झाला की माझ्या टपालात जुन्या मोटारींची पत्रं वाढतात. कारण उघड आहे. दसरा चौकात सोहळ्याला राजघराण्याची मेबॅक येते, सगळं कोल्हापूर ती गाडी बघतं, आणि घरी गेल्यावर प्रत्येकाला आपल्या शेडमधलं, गोठ्यातलं, मामाच्या वाड्यातलं जुनं इंजिन आठवतं. मी गर्दीत गाडी बघत नाही, मान खाली घालून आवाज ऐकतो. मेबॅकचा कारखाना मुळात झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं करायला निघाला होता. हे माहीत असलं की तो संथ आवाज वेगळा लागतो. असो.

यंदाच्या बहुतेक पत्रांचा प्रश्न एकच आहे : आमच्याकडचं इंजिन साधं आहे की दुर्मीळ, हे ओळखायचं कसं? नव्या वाचकांसाठी सांगतो, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बेचाळीस वर्षं काढली. पहिली नऊ पॅटर्न शॉपमध्ये, ओतकामाच्या साच्यांचे नमुने करायला लाकूड तासण्यात गेली, बाकीची बोअरिंग मशीनवर. वडील मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारे. गाड्या पळवण्यात मला काडीचा रस नाही, माझ्याकडे आजही लुनाच आहे. मला इंजिन बंद असतानाच आवडतं, टेबलावर, हेड म्हणजे माथ्याचं झाकण काढलेलं.

प्रश्न : आमच्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये चार सीलिंडरचं एक पेट्रोल इंजिन पडून आहे. पणजोबांनी ते १९५८-५९ च्या सुमारास लिलावात घेतलं, पुढे आजोबांनी काही वर्षं त्यावर पाण्याचा पंप चालवला. आजोबा आज ८८ वर्षांचे आहेत आणि छातीठोक सांगतात की हे एमजीच्या स्पोर्ट्स गाडीचं इंजिन आहे. नंबरची पट्टी नाही, नुसती रिव्हेटांची भोकं आहेत. हेड काढून व्हर्नियरने बोअर, म्हणजे सीलिंडरच्या भोकाचा व्यास, मोजला, ६४.० मिलिमीटर भरला. इंजिन जाम आहे. नेटवर एमजीचा बोअर ६६.५ दिलाय. म्हणजे आजोबांचं चुकलं का? (एक वाचक, कागल तालुका)

उत्तर : आजोबांना इतक्यात काही सांगू नका. आणि पट्टी गेली म्हणून हळहळू नका. एमजीच्या टी मालिकेतल्या इंजिनांवर नंबर पितळेच्या अष्टकोनी पट्टीवर असायचा, आणि ती पट्टी रिव्हेट मारून बसवलेली. जी वस्तू छिन्नीच्या एका फटक्यात निघते ती दुसऱ्या इंजिनावर दोन मिनिटांत बसतेही. पट्टी असती तरी मी तुम्हाला बोअर मोजायलाच लावला असता.

आता तुमचे ६४.० घेऊ. असा बोअर एमजीच्या कारखान्यातून निघाला नसणार, हा रिबोअर झालेला, म्हणजे झिजलेलं भोक कापून मोठं केल्याचा आकडा आहे. मूळ बोअर ६३.५ धरा, त्यात वीस थाऊचा ओव्हर घाला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वीस थाऊ म्हणजे ०.५०८ मिलिमीटर. बेरीज ६४.००८ येते. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन केरोसीनने हलके पुसा, नखाने खरवडू नका. बहुतेक तिथे ०२० उमटलेलं दिसेल.

म्हणजे मूळ बोअर ६३.५. या बोअरची इंजिनं इतरही होती, पण आपल्या प्रश्नापुरती दोन घराणी बघू. एक एमजी टीए, १९३६ ते ३९ मधली. तिच्या इंजिनाचं नाव एमपीजेजी, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, १०२ मिलिमीटर, एकूण १२९२ सीसी. दुसरी मॉरिस टेन, सिरीज एम. तिचं इंजिन एक्सपीजेएम, बोअर तोच ६३.५, पण स्ट्रोक ९०, म्हणून ११४० सीसी. ही मॉरिस टेन आपल्याकडे हिंदुस्थान टेन म्हणून आली. त्यामुळे तिची इंजिनं आपल्या मुलखात मिळणं नवलाचं नाही, आणि गाडी मोडल्यावर अशी इंजिनं पंपाला, जनरेटरला जुंपली गेली.

तुम्ही नेटवर वाचलेलं ६६.५ चं इंजिन म्हणजे एक्सपीएजी. १९३९ च्या टीबीत ते पहिल्यांदा आलं. टीबी गाड्या फक्त ३७९ झाल्या, मग युद्ध लागलं. युद्धानंतर टीसी, टीडी, टीएफ या गाड्या त्याच इंजिनावर धावल्या. बोअर ६६.५, स्ट्रोक ९०, १२५० सीसी. शेवटी टीएफ १५०० मध्ये बोअर ७२ केला, नाव झालं एक्सपीईजी, १४६६ सीसी. तुमचं इंजिन यातलं नाही. मॉरिसचा ६३.५ चा बोअर साठ थाऊपर्यंत वाढवला तरी ६५ च्या आसपास थांबतो, ६६.५ ला पोचत नाही.

तेव्हा निकाल बोअरवर नाही, स्ट्रोकवर आहे, आणि तोच तुम्ही मोजलेला नाही. मोजणार कसा, इंजिन जाम! चारही सीलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल निम्मं निम्मं ओता, आठ-दहा दिवस तसंच ठेवा. रोज सकाळी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून दोन्हीकडे हलकं हलकं डोलवा. पाईप घालून जोर काढू नका. एकदा सुटलं की पिस्टन अगदी वर आणा, व्हर्नियरच्या शेपटीने ब्लॉकच्या माथ्यापासून खोली घ्या. मग अगदी खाली न्या, परत घ्या. दोन मापांतला फरक म्हणजे स्ट्रोक. खात्रीसाठी हिशेब : बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक गुणिले चार, भागिले हजार. उत्तर सीसीत येतं. बोअर मात्र मूळचा घ्या, ६३.५.

आणखी एक खूण. मागे क्लच अजून असला तर बघा. टीएचा क्लच कॉर्कचा होता आणि तेलात चालायचा. टीबीपासून कोरडा क्लच आला.

मोजा आणि फोन करा. कार्यालयात माझा नंबर आहे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ओहायोला असतो. तिथे तो १९६९ ची शेवरोले कमॅरो झेड-२८ घेतोय, 'ओरिजिनल इंजिन' म्हणून. विकणाऱ्याने पाठवलेले इंजिनाचे फोटो सोबत जोडलेत. रक्कम मोठी आहे. आम्हाला काही कळत नाही, तुम्ही बघाल का? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : बघितलं. चष्मा पुसून दोनदा बघितलं. मुलाला म्हणावं, विसार दिला नसेल तर देऊ नको.

झेड-२८ ची गोष्ट थोडक्यात अशी. तिथल्या ट्रान्स-ॲम शर्यतीत इंजिन पाच लिटरच्या आत असायला हवं होतं, म्हणजे ३०५ घनइंच. शेवरोलेने आपल्या ३२७ घनइंची इंजिनाच्या ब्लॉकमध्ये २८३ घनइंचीचा आखूड क्रँक, म्हणजे पिस्टन वरखाली नेणारा वाकडा दांडा, घातला. बोअर ४ इंच, स्ट्रोक ३ इंच, झालं ३०२ घनइंच. कागदावर २९० हॉर्सपॉवर. पहिल्या वर्षी, १९६७ मध्ये, अशा जेमतेम ६०२ गाड्या निघाल्या. १९६९ मध्ये त्या हजारोंनी झाल्या, पण भाव आजही असा आहे की साध्या इंजिनाला झेड-२८ चा मुखवटा चढवायचा मोह सुटत नाही.

आणि मुखवटा चढतो सहज, कारण बोअर काही बोलत नाही. ३०२ चा बोअर ४ इंच, ३२७ चा ४ इंच, रस्त्यावर लाखोंनी असलेल्या ३५० चाही ४ इंच. सगळा फरक स्ट्रोकमध्ये : ३.००, ३.२५ आणि ३.४८. बाहेरून तिघंही जुळे भाऊ. इतकंच काय, तुमच्या फोटोत ब्लॉकच्या मागे जो ३९७००१० हा ओतीव नंबर आहे, तो ३०२ लाही होता आणि ३५० लाही.

वाचकांना इथे नवल वाटेल, मला वाटत नाही. पॅटर्न करणं महाग असतं. एकाच साच्यातून दोन वेगळी इंजिनं निघत असतील तर कुठला शहाणा फाउंड्रीवाला दोन साचे करेल? शिरोलीच्या फाउंड्र्यांत आज कुणालाही विचारा. ओतलेला नंबर म्हणजे साच्याचा नंबर. हा ब्लॉक कुठल्या कुळातला ते तो सांगतो, व्यक्ती सांगत नाही.

व्यक्ती सांगतो तो ठोकलेला नंबर. शेवरोलेच्या या व्ही-८ मध्ये तो पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकच्या माथ्याचा जो तुकडा उघडा राहतो त्यावर असतो. तुमच्या फोटोत तिथे व्ही०४१२डीझेड आहे. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०४१२ म्हणजे १२ एप्रिल, डीझेड म्हणजे १९६९ चं ३०२. वाचून कुणीही खूश होईल.

आता दुसरा फोटो, मागच्या फ्लँजचा. तिथे ओतकामाची तारीख आहे : एफ २० ९. ए म्हणजे जानेवारी, तसं मोजत गेलं की एफ म्हणजे जून. २० जून, साल ९ ने संपणारं. म्हणजे या ब्लॉकचं लोखंड जूनमध्ये ओतलं आणि इंजिन एप्रिलमध्येच जोडून तयार? बाळ जन्माच्या आधी बारशाला आलं! आधी ओतकाम, मग ब्लॉक थंड व्हायचा, वाळू झाडायची, मशीनिंग, मग जोडणी, मग गाडी. हा क्रम फ्लिंटलाही उलटा होत नाही आणि उद्यमनगरातही.

त्यातून साल नुसतं ९ आहे. १९६९ की १९७९? ३९७००१० हा साचा सत्तरच्या दशकातही वर्षानुवर्षं चालला. माझा कौल ७९ कडे जातो, पण फोटोवरून शपथ घेणार नाही.

तिसरी गोष्ट तुम्हाला दिसणार नाही, मला दिसली. नंबरचा तो तुकडा आरशासारखा गुळगुळीत आहे. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोच नावाच्या दातेरी हत्याराने कापला जायचा आणि त्याच्या बारीक समांतर रेघा पुढून मागे जातात. नंबर त्या रेघांवर ठोकला जायचा. रेघा नाहीत म्हणजे माथा नंतर कुणीतरी घासलाय. घासला की मूळ नंबर गेला. त्यानंतर तिथे जे दिसतं ते मागाहून ठोकलेलं.

घासणारा दरवेळी चोर असतो असं नाही. हे मी सांगू शकतो, कारण असा एक नंबर मी स्वतः खाल्लाय. १९८४ साल. बेळगावकडच्या एका जुन्या घराण्यातली १९५७ ची शेवरोले, २८३ चा व्ही-८. हेड गॅस्केट सारखं फुटायचं, म्हणून ब्लॉक फेसिंगला, म्हणजे माथा सपाट कापायला, आमच्याकडे आला. मी आठ थाऊ काढले. फेस काय सुंदर आला होता, मालकाने हात फिरवून बघितला. त्या वर्षी २८३ घनइंचाला २८३ हॉर्सपॉवर देणारा फ्युएल इंजेक्शनचाही एक प्रकार होता, आणि कुठल्या प्रकारचं इंजिन हे त्या तुकड्यावरची अक्षरं सांगतात, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? दोन वर्षांनी मालकांचा मुलगा कागद घेऊन आला, म्हणाला, मिस्त्री, इथे काय अक्षरं होती आठवतं का? मी वाचलीच नव्हती. चहा पाजला आणि परत पाठवला. तेव्हापासून एक सवय लावून घेतली : मशीनवर चढवण्याआधी नंबरवर पातळ कागद ठेवायचा, आडवी पेन्सिल घासायची आणि ठसा रजिस्टरमध्ये चिकटवायचा. अशी चार रजिस्टरं आहेत. दोन २०१९ च्या पुरात भिजली, तरी पेन्सिल वाचता येते. शाई गेली असती.

तुमच्या मुलाला तरीही ती गाडी आवडलीच असेल, तर विकणाऱ्याला म्हणावं संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची परात, खाली उतरव. ३०२ चा क्रँक घडीव पोलादाचा आहे, ३५० चे बरेचसे ओतीव. कसं ओळखायचं? ओतीव क्रँकवर साच्याच्या दोन अर्ध्या जुळतात तिथे सुतासारखी बारीक रेघ असते. घडीव क्रँकवर बोटभर रुंद पट्टा दिसतो, डायमधून बाहेर आलेला माल कापून घासलेला. क्रँक सुटा काढला असेल आणि हातोडीने हलकं टिचकवलं तर घडीव क्रँक घंटेसारखा वाजतो, ओतीव ठक् करून गप्प होतो. पण लक्षात ठेवा, ३५० लाही काही घडीव क्रँक होते. म्हणजे ओतीव निघाला तर विषय संपला. घडीव निघाला तर संपला नाही. सायकलची आरी प्लगच्या भोकातून घालून स्ट्रोक मोजायची आपली गावठी युक्ती मात्र इथे चालत नाही, प्लग तिरका बसतो.

आणि १९६९ च्या गाडीच्या इंजिनावर गाडीच्या चासी नंबरचा शेवटचा भागही ठोकलेला असायला हवा. तो फोटो त्याने पाठवलेला नाही. का नाही पाठवला, हे मुलाने विचारावं.

प्रश्न : मुंबईहून जॅग्वार मार्क टू, ३.८ लिटर, बघून आलो. एजंट म्हणतो यात ई-टाईपचं, जॅग्वारच्याच स्पोर्ट्स गाडीचं, इंजिन आहे, कारण हेड सोनेरी आहे. इंजिन नंबर एलसी ने सुरू होतो आणि शेवटी -८ आहे. कार्बोरेटर दोन. (एक वाचक, ताराबाई पार्क)

उत्तर : रंग डब्यात मिळतो.

हे खरं आहे की जॅग्वारच्या एक्सके इंजिनांत हेडच्या रंगाला अर्थ होता. सी-टाईप हेड लाल, सरळ पोर्टचं (पोर्ट म्हणजे हेडमधली हवा-धुराची वाट) हेड सोनेरी, बी-टाईप हेड निळ्या छटांमध्ये. ई-टाईपला सोनेरी, सरळ पोर्टचं. पण साठ वर्षांत ती गाडी किती जणांनी रंगवली असेल? रंगावरून इंजिन ओळखणं म्हणजे फेट्यावरून पैलवान ओळखणं.

नंबर वाचा. एलसी ही मार्क टू ३.८ चीच अक्षरं आहेत. ३.८ च्या ई-टाईपचा नंबर आर ने सुरू होतो, ४.२ चा ७ई ने. शेवटचे -७, -८, -९ हे कॉम्प्रेशन, म्हणजे सीलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते : सातास एक, आठास एक, नवास एक. सातवालं जिथे पेट्रोल हलकं तिथल्यासाठी. ई-टाईपला बहुधा -९ दिसेल. शिवाय तिला तीन एसयू कार्बोरेटर असतात, तुमच्याकडे दोन. एजंटने निदान तिसरा कार्बोरेटर तरी लावून खोटं बोलायचं होतं.

नंबर दोन जागी बघायचा : ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर आणि हेडच्या पुढच्या टोकाला टायमिंग चेनजवळ. दोन्ही जुळले तर हेड मूळचं आणि नुसता रंग उपरा. हेडवर नंबर वेगळा असेल, तर मॅनिफोल्ड काढून पोर्ट बघा, कदाचित खरंच ई-टाईपचं हेड कुणी बसवलं असेल. तसं निघालं तर हेड ई-टाईपचं आणि इंजिन मार्क टूचं, एवढंच.

पण माझं ऐकाल तर एलसी-८ ला कमी लेखू नका. ३.८ चा बोअर ८७, स्ट्रोक १०६, ३७८१ सीसी. याच घराण्याच्या इंजिनांनी ल मांसची चोवीस तासांची शर्यत १९५१, ५३, ५५, ५६ आणि ५७ अशी पाचदा जिंकली. खरोखर दुर्मीळ म्हणायचं तर डी-टाईप शर्यतीच्या गाड्यांचं ते रुंद कोनाचं हेड, ज्यात इनलेट व्हॉल्व्ह ३५ अंशात आणि एक्झॉस्ट ४० अंशात झुकलेला आहे. ते मी फक्त छापील चित्रात पाहिलंय आणि चित्रातच पाहून मरणार आहे.

जाता जाता : जॅग्वारमध्ये एक नंबरचा सीलिंडर मागचा, पुढचा नव्हे. प्लगच्या वायरी लावताना आमच्या एका पोऱ्याने अख्खा दिवस घालवला होता.

प्रश्न : आमच्या जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरचं इंजिन पुण्याचा एक जण चांगल्या पैशाला मागतोय. म्हणतो ट्रायम्फ टीआर स्पोर्ट्स गाडीचं हेच इंजिन. थट्टा करतोय का? (एक वाचक, शिरोळ)

उत्तर : थट्टा नाही, पण पूर्ण खरंही नाही. अगदी सुरुवातीच्या फर्ग्युसनमध्ये अमेरिकेचं कॉन्टिनेन्टल इंजिन होतं, मग स्टँडर्ड कंपनीचं आलं. आधी ८० मिलिमीटर बोअरचं, पुढे ८५ चं. स्ट्रोक ९२. हेच कूळ स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीत २०८८ सीसीचं. ट्रायम्फने टीआर-२ साठी बोअर ८३ केला, म्हणजे १९९१ सीसी, दोन लिटरच्या वर्गात बसावं म्हणून. टीआर-४ ला ८६ करून २१३८ केलं.

इथे बोअर मोजून काही सिद्ध होत नाही, कारण या इंजिनांत ओले लायनर आहेत, म्हणजे पाण्यात बसवलेल्या, बदलता येणाऱ्या सीलिंडरच्या नळ्या. जुने उपसा, नवे बसवा, बोअर बदलला. मग ओळखायचं कशावरून? ट्रॅक्टरला चासी नसते, इंजिन स्वतःच कणा असतं, पुढचा ॲक्सल आणि मागचा गिअरबॉक्स दोन्ही त्याच्या जोरावर उभे. मोटारीचा पत्र्याचा संप आणि ट्रॅक्टरचा खालचा भाग शेजारी ठेवला तर लहान मूलही फरक सांगेल. त्या पुणेकराला बहुधा लायनर, पिस्टन, असले आतले भाग हवे असतील. विकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ट्रॅक्टर चालू असेल तर मी विकला नसता.

प्रश्न : अँबेसडरचं आणि एमजीचं इंजिन एकच असतं हे खरं का? तसं असेल तर माझ्या १९६५ च्या अँबेसडरला ट्विन कॅम, म्हणजे दोन कॅमशाफ्टचं, हेड बसेल का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : पहिल्याचं उत्तर : कूळ एक. बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी सिरीज, १४८९ सीसी, स्ट्रोक ८८.९. एमजीए १९५५ मध्ये आली ती याच मापाच्या इंजिनावर, पण दोन कार्बोरेटर, वेगळी कॅम आणि जास्त कॉम्प्रेशन घेऊन. नंबरातली अक्षरं बघा : १५जीबी, १५जीडी ही एमजीए १५०० ची, १६जीए १६०० ची, १६जीसी १६२२ सीसीची. जी म्हणजे एमजी, आधीचा आकडा साधारण शेकडा सीसी. दुर्मीळ ते १६जीबी, ट्विन कॅम, १५८८ सीसी. १९५८ ते ६० मध्ये गाड्या झाल्या फक्त २,१११. पिस्टन जाळण्याबद्दल बदनाम.

दुसऱ्याचं उत्तर : नाही. आणि एखादं सापडलंच, तर अँबेसडरवर बसवण्याआधी मला दाखवा.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला आहे. जुनी इंजिनं ओळखायला शिकायचंय. कुठली हत्यारं घेऊ? घरी पुरात बुडालेला एक ब्लॉक आहे, गंजाने नंबर दिसत नाही, ग्राइंडर मारू का? (एक विद्यार्थी, कसबा बावडा)

उत्तर : ग्राइंडर मारलास तर या सदरात परत लिहू नको.

पितळी ब्रश घे, लोखंडी नको. डिझेल, जुनं फडकं, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लहान आरसा, बॅटरी, व्हर्नियर, पातळ कागद, पेन्सिल आणि पांढरा खडू. गंजावर डिझेल लावून दोन दिवस ठेव, मग ब्रश. आकड्याचा पुसटसा खड्डा लागला की खडू आडवा घासून वरचा पुसून टाक. खड्ड्यात खडू राहतो आणि आकडा पांढरा उमटतो. बॅटरी समोरून मारू नको, बाजूने, अगदी पृष्ठभागाला चिकटून मार, म्हणजे सावल्या पडतात. मी सकाळचं कोवळं ऊन वापरायचो, शॉपच्या दारात ब्लॉक तिरका ठेवून.

हत्यारांपेक्षा एक गोष्ट आधी शीक. एखाद्या फाउंड्रीत आठवडाभर उभा राहा. गोकुळ शिरगावला जा, शिरोलीला जा, कुणी ना कुणी उभं करेल. पॅटर्नवर अक्षरं कशी ठोकतात, वाळू ती कशी उचलते, रोजच्या तारखेची पट्टी सकाळी कशी बदलतात, हे डोळ्यांनी बघ. ओतीव अक्षर वर उठलेलं असतं, कडा गोलसर, आणि आजूबाजूला वाळूची खरबरीत साल. कुणी ते घासून नवं चिकटवलं, तर अक्षर जमेल, साल जमत नाही. बोटाला कळतं. ठोकलेलं अक्षर आत जातं, कडेला धातू किंचित वर येतो. तो वर आलेला धातू चकचकीत आणि धारदार असेल तर पंच नुकताच पडलाय.

एका पत्राला जाहीर उत्तर देतो, नाव-गाव गाळून. त्या गृहस्थांनी विचारलंय की त्यांच्या ब्लॉकवर हवा तो नंबर जुन्या वळणाच्या पंचांनी ठोकून मिळेल का, पैसे म्हणाल तेवढे. मिळणार नाही. तो गुन्हा आहे, तुमचाही आणि ठोकणाऱ्याचाही. आणि ज्यांनी नुसतंच 'किंमत किती येईल' विचारलंय त्या तिघांना : मी भाव सांगत नाही, मापं सांगतो.

ता. क. : कागलच्या वाचकाला वरचं उत्तर मी आधीच कळवलं होतं. हे सदर छपाईला जायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. इंजिन नवव्या दिवशी सुटलं. पिस्टनवर ०२० निघालं. खोली दोनदा मोजली, फरक नव्वदला केसभर कमी. म्हणजे हिंदुस्थान टेन. मी विचारलं, आजोबांना सांगितलंत का? म्हणाला, सांगितलं, आणि एमजीचं इंजिन याच इंजिनाचा बोअर वाढवून केलंय हेही सांगितलं. त्यावर आजोबा म्हणाले, "मग मी काय वेगळं सांगत होतो? एमजीचा थोरला भाऊच की."